पाठवलेली मुलं

शाळेत माझ्याकडे मूल सहसा आपणहून येत नाही, पाठवलं जातं. हातात वर्गशिक्षकांची चिठ्ठी असते: ‘वर्गात लक्ष नाही’, ‘उलट बोलतो’, ‘गृहपाठ कधीच पूर्ण नसतो’. मुंबईच्या उपनगरातल्या एका मराठी शाळेत मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. खोली अर्धी माझी, अर्धी गॅदरिंगच्या सामानाची. टेबलामागे थर्माकोलचा रायगड उभा आहे. नव्या मुलाला बोलतं करायला तो फार उपयोगी पडतो.

सातवीतला एक मुलगा ‘हुशार आहे पण आळशी’ अशी चिठ्ठी घेऊन आला. या शेऱ्याने मी सावध होते. त्याने रायगडाकडे बघितलं आणि महादरवाजा चुकीच्या बाजूला लावलाय, असं ऐकवून राज्याभिषेकापर्यंत सगळं घडाघडा सांगितलं. मग मी इतिहासाची वही उघडली. अर्धवट ओळी, जोडाक्षरं गळालेली, एकाच पानावर ‘शिवाजी’ तीन तऱ्हांनी लिहिलेलं. प्रकट वाचनात आपला नंबर जवळ आला की तो काहीतरी विनोद करायचा आणि वर्गाबाहेर जायचा. वाचताना अडखळण्यापेक्षा मस्तीखोर ठरलेलं बरं, हा हिशेब त्याने केव्हाच केला होता.

बिने-कामत चाचणी घेतली. फ्रान्समधल्या बिने यांच्या कसोट्या कामतांनी धारवाडकडच्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या, त्या १९३०च्या दशकात. आजही ती पेटी आमच्या कपाटात असते. बुद्धी उत्तम निघाली. वाचन-लेखनाच्या चाचण्यांत मात्र तो चौथीच्याही मागे होता. अध्ययन अक्षमतेची शक्यता दिसत होती. त्याला समजेल असं सांगितलं, तर त्याचा एकच प्रश्न: “इंग्रजीचंपण असंच होणार?” मी म्हटलं, “हो, कदाचित जास्तच.” खोटा धीर मुलांना लगेच कळतो.

इथपर्यंतचं काम सोपं. पुढचं मोठ्यांशी.

माझा अहवाल म्हणजे दाखला नव्हे. तो सरकारी रुग्णालयातून मिळतो. बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक अशांनी तपासल्यावर. आठव्या वर्षाआधी तो देत नाहीत आणि चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्राने १९९६ मध्येच घेतला होता. पुढे २०१६च्या कायद्याने ही अक्षमता दिव्यांगत्वाच्या एकवीस प्रकारांत घातली. त्यामुळे हक्क पक्का झाला, पण घरच्यांच्या गळी तो उतरवणं अवघड होऊन बसलं. “माझ्या पोराला अपंगाचा दाखला?” वडील खुर्चीवरून उठलेच. त्यांचा टेम्पोचा धंदा. “मीपण असाच होतो. मला मार मिळाला. अडलं का काही?” शेजारी बसलेली आई हळूच म्हणाली, “बँकेची स्लिप मलाच भरायला लावता.” ही अक्षमता बऱ्याचदा घराण्यात उतरते, हे मी त्या क्षणी काही बोलले नाही. तासामागे वीस मिनिटं जादा मिळतात, एवढंच सांगितलं. “म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास?” ते परत बसले. “सही कुठे करायची?” माझ्या समुपदेशनाने झालं नाही ते हिशेबाने झालं.

गणिताचे सर राहिले होते. “बाकीच्या पोरांवर अन्याय नाही का हा?” त्यांचा प्रश्न प्रामाणिक होता आणि तो मधल्या सुट्टीत, चहाच्या वेळी, पुन्हा पुन्हा यायचा. मी गुण वाढवा म्हणत नव्हते. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती नको आणि रीत तोंडी विचारा, एवढंच मागत होते. तोंडी विचारायला ते आजतागायत तयार नाहीत. मात्र दुसऱ्या मुलाच्या वहीची झेरॉक्स ते न सांगता त्याला द्यायला लागले.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांत किमान एक पात्र समुपदेशक हवा असं बजावलं. त्यानंतर मला दुसऱ्या शाळांचे फोन येतात: आठवड्यातून तासभर येऊन जाल का? तासाभरात एका मुलाचं ऐकून होईल. गणिताच्या सरांशी वाद घालायला स्टाफरूममध्ये रोजची खुर्ची लागते, ती तासाच्या बोलीवर कशी मिळणार?

तो मुलगा आता दहावीत आहे. लेखनिक खालच्या इयत्तेचा लागतो, म्हणून नववीतली एक मुलगी तयार झाली. दोघांचा सराव माझ्याच खोलीत चालतो, कारण उत्तर सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं: कुठे थांबायचं, नवा परिच्छेद कुठे, आकृतीला नाव कुठलं. इतकी वर्षं कागदावर न उतरलेलं सगळं त्याला एका दमात सांगायचं असतं. परवा तिने पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे तक्रार केली, “बाई, ह्याला सांगा ना, प्रश्न दोन गुणांचा आहे.”