मजकुराचा हुद्दा

वेबपानांची रचना सांगणाऱ्या एचटीएमएल या भाषेत मजकूर रचण्याचे काम ज्याने मनापासून पत्करले आहे, त्याच्या ध्यानी कालांतराने असे येते की, अक्षरे ठळक करणे, चौकटी आखणे, रंग भरणे ही सारी नंतरची कामे असून, पुढ्यात आलेला मजकूर शीर्षक आहे, परिच्छेद आहे, यादी आहे की कुणाचे अवतरण, याचा निवाडा करून त्याला त्याच्या हुद्द्याचा टॅग देणे, यातच या कलेचे सारे मर्म साठवलेले आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत असताना १९९१ साली टॅगांचा जो पहिला तपशील मांडला, त्यात शीर्षकाच्या सहा पायऱ्या होत्या, परिच्छेद होता, याद्या होत्या, पत्त्यासाठीही स्वतंत्र टॅग होता. रंगासाठी मात्र एकही नव्हता. पुढे सजावटीच्या हव्यासाने तक्त्याचा टॅग पानाची मांडणी करण्यासाठी सर्रास राबवला गेला. १९९६च्या डिसेंबरात पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची पहिली शिफारस आली, तेव्हा रूपाचे खाते रीतसर वेगळे झाले. तरीही ती जुनी सवय पुष्कळ वर्षे टिकली.

आज उलट खऱ्या तक्त्यासाठीच त्या टॅगचा अव्हेर होतो, आणि ते मला अधिक खटकते. कांद्याच्या बाजारभावाचा तक्ता घ्या: डावीकडे लाल आणि उन्हाळ, वरच्या ओळीत आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. निव्वळ ‘डिव्ह’, म्हणजे स्वतःचा काहीही अर्थ नसलेल्या चौकटी, एकापुढे एक मांडून तो हुबेहूब उभा करता येतो, आणि डोळस माणसाला त्यात काहीही उणे दिसत नाही. परंतु एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरच्या साहाय्याने वाचणाऱ्या दृष्टिहीन वाचकाच्या कानी केवळ आकड्यांची माळ पडते, आणि त्यातला कोणता आकडा किमान दराचा व कोणता आवकेचा, हे त्याने स्मरणाने ताडायचे असते. तोच मजकूर ‘टेबल’मध्ये घालून, मथळ्याचे रकाने ‘टीएच’ने नोंदवून, त्यांचा अंमल उभा की आडवा हे ‘स्कोप’ने सांगितले, की वाचक एका रकान्यातून दुसऱ्यात सरकताच ‘कमाल दर’ हे शब्द आकड्यासोबत उच्चारले जातात. अशा तक्त्यावर खर्चलेला वेळ मी कधीही वाया गेलेला मानणार नाही.

बटनाचेही असेच आहे. ‘डिव्ह’ला बटनाचे रूप देता येते, माऊसने ते चालतेही, पण टॅब कळ त्यावर थांबत नाही, एंटर आणि स्पेस यांना ते दाद देत नाही. खऱ्या ‘बटन’पाशी हे सर्व गुण उपजतच असतात.

म्हणून ‘डिव्ह’ त्याज्य ठरत नाही. ज्या गठ्ठ्याला केवळ मांडणीसाठी एकत्र ठेवायचे आहे, त्याला निरर्थक ‘डिव्ह’च शोभतो. २०१४मध्ये एचटीएमएल५ची शिफारस झाल्यापासून हरएक चौकटीला ‘सेक्शन’ किंवा ‘आर्टिकल’ ही पदवी बहाल करण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यापेक्षा हा प्रामाणिकपणा मला श्रेयस्कर वाटतो.

आणि मराठी पानाच्या मुळाशी ‘लँग’ या गुणधर्मात ‘एमआर’ लिहिणे कधीही टाळू नये. तेवढ्या दोन अक्षरांनी, फाँटात सोय असल्यास, ‘ल’ आणि ‘श’ आपल्या मराठी वळणाने उमटतात. आणि स्क्रीन रीडरला मराठी आवाज उपलब्ध असेल तर ‘चाक’मधला ‘च’ ‘चहा’तल्या ‘च’सारखा न उच्चारला जाता मराठी माणसाच्या तोंडी असतो तसा ऐकू येतो.