पाण्याला वाट

वडिलांची बदली मुळशी तालुक्यात झाली तेव्हा मी शाळकरी होतो. धरणाच्या पाण्याकाठच्या एका वाडीत तात्यांच्या घराची पडवी आम्हाला भाड्याने मिळाली. तात्या नात्याने आमचे कुणी नव्हते. पुढे वडील आजारी पडले, पगार अर्ध्यावर आला आणि भाडं थकलं. तात्यांनी विषय काढला नाही. आई अडचण घेऊन गेली की लागेल तेवढा तांदूळ मिळायचा, पायलीला पायली, चिपट्याला चिपटं. न मागता मात्र त्यांनी कधी काही आणून दिलं नाही. आईला त्यातच बरं वाटायचं. घरात दया शिरली नाही, असं ती म्हणायची.

पुढे मी स्थापत्य अभियंता झालो. ज्या बलावर माझा सगळा धंदा उभा आहे त्याचाही स्वभाव असाच आहे. स्थितिक घर्षण. जमिनीवर जड पेटी ठेवलीय आणि तिला कुणी हात लावत नाही, तर जमीन तिला आडवं काहीच देत नाही. दहा किलोच्या जोराने ढकला, उलट दहा किलोच मिळतील; पन्नासने ढकला, पन्नास. हे कुठवर चालतं, तर एका हद्दीपर्यंत. पेटी जमिनीला जेवढी दाबते त्याच्या एका ठरावीक पटीत ही हद्द असते आणि त्या पटीला घर्षणांक म्हणतात. मुलं परीक्षेत घर्षणांकाला भाराने गुणतात आणि तेवढं घर्षण लागू झालं असं लिहून मोकळी होतात. ते चूक आहे. तो गुणाकार म्हणजे घर्षण नव्हे, घर्षणाची कमाल. हद्द ओलांडली की पेटी सरकते आणि सरकू लागल्यावर बहुधा आधीपेक्षा कमी जोर पुरतो. अडलेली गाडी हलवताना पहिला धक्का जड जातो, त्यात हेही एक कारण असतं.

तात्या ताली रचायचे. मावळ-मुळशीच्या उतारावर भाताची खाचरं उभी राहतात ती या दगडी तालींच्या जिवावर. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड, आणि मागे भिजून फुगलेली माती. ताम्हिणीच्या या पट्ट्यातला पाऊस राज्यातल्या सगळ्यात मोठ्या पावसांपैकी. तो चार महिने त्या मातीला बाहेर ढकलत असतो. सुटीत मी त्यांच्या हाताखाली दगड द्यायला असे. त्यांचे नियम थोडे होते. लांब दगड आत डोंगराकडे घालायचा, दर्शनी बाजूला आडवा नाही. भिंतीला थोडा कल मागे. पाठीमागे बारीक कपच्यांची भर. आणि सांध्यात माती लिंपायची नाही. मी एकदा हौसेने लिंपायला घेतली तर म्हणाले, "पान्याला वाट ठिव, पोरा. अडवलंस तर ते दगूड उचलंल."

दगड उचलेल? भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्यात एवढी ताकद कुठली, हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलं नाही.

पावसात चालण्याचाही एक धडा त्यांचाच. आवणीच्या दिवसांत शेवाळलेल्या कातळावरून डोक्यावर भार घेऊन उतरायचं. शहरातून आलेले आम्ही लांब ढांगा टाकायचो आणि आपटायचो. तात्या म्हणायचे, "पाय ढकलायचा न्हाय. टेकवायचा, मग भार द्यायचा." पाऊल जेवढं पुढे पडतं तेवढा पाय तिरपा होतो आणि आडवा जोर वाढतो. पाऊल आखूड ठेवलं की अंगाचा भार सरळ खाली येतो. निसरड्यावर पडण्या-न पडण्याचा निकाल आडव्या जोराच्या आणि उभ्या भाराच्या गुणोत्तरावर लागतो, आणि ओल्या शेवाळावर हे गुणोत्तर फारच लहान ठेवावं लागतं. जड माणूस हलक्यापेक्षा कमी घसरेल असं वाटतं खरं, पण दोन्ही बाजू वजनाच्याच पटीत वाढतात, म्हणून वजनाचा फायदा शून्य. कसं चालतो यालाच महत्त्व.

अभियांत्रिकीच्या वर्गात कुलोमचं नाव आलं. विजेच्या नियमामुळे तो सगळ्यांना ठाऊक, पण मुळात हा फ्रेंच लष्करी अभियंता. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधण्यात त्याची कित्येक वर्षं गेली, आणि 1773 साली त्याने पॅरिसच्या अकादमीपुढे निबंध वाचला त्यात भिंतीमागची माती भिंतीला किती ढकलते याचा हिशेब होता. म्हणजे कुलोम आणि तात्या एकाच धंद्यातले. घर्षण भाराच्या पटीत असतं आणि पृष्ठभाग रुंद की अरुंद याने फरक पडत नाही, हे आमाँतोंने 1699 सालीच मांडलं होतं. कुलोमने प्रयोगांचा ढीग रचून ते पक्कं केलं. दोन पृष्ठभाग जास्त वेळ एकमेकांवर स्वस्थ राहिले तर पहिली हालचाल करायला जास्त जोर लागतो, हेही त्याने टिपलं. रुंदीने फरक का पडत नाही याचं उत्तर मात्र विसाव्या शतकात केंब्रिजच्या बाउडन आणि टेबर यांच्याकडून मिळालं. गुळगुळीत दिसणारे पृष्ठभागही काही टोकांवरच खरे टेकतात. भार वाढला की ती टोकं चेपून खरा स्पर्श वाढतो. पृष्ठभाग रुंद केला तर टोकं वाढतात पण प्रत्येकावरचा भार घटतो.

आणि मग धरण. मुळशीचं धरण गुरुत्व धरण आहे, म्हणजे दगडी बांधकामाची प्रचंड भिंत स्वतःच्या वजनाने बसलेली. एक काल्पनिक भिंत घेऊ: मागे 40 मीटर पाणी, पायथ्याला 30 मीटर रुंद, वर निमुळती. तिच्या दर मीटर लांबीला पाणी सुमारे 800 टनांनी ढकलतं. भिंतीचं वजन त्याच मीटरला साधारण 1440 टन. खडकावरच्या बांधकामाचा घर्षणांक पाऊण धरला तर कमाल 1080 टन. भिंत बसून राहते. आता पायथ्याच्या फटीत पाणी शिरू द्या. ते भिंतीला खालून उचलू लागतं, पुरतं शिरलं तर 600 टनांपर्यंत. खडकावर टेकणारा भार उरतो 840, कमाल घर्षण 630, आणि ढकलणारे 800 अजून ढकलतातच. तात्यांचं "दगूड उचलंल" ते हेच.

फ्रान्समधल्या बूझे धरणात हे घडून गेलं होतं. 1884 साली त्याच्या भिंतीचा एक लांबलचक भाग फूटभर पुढे सरकला. डागडुजी झाली. 1895 साली भिंतीचा वरचा भाग फुटून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यानंतर जगभरच्या अभियंत्यांनी उचलणाऱ्या पाण्याचा हिशेब धरायला सुरुवात केली. म्हणून धरणांच्या पोटात निचऱ्याच्या नळ्या आणि बोगदे असतात, आणि खडक खरवडून बांधकाम त्याला चिकटवून घेतात, म्हणजे सगळी मदार एकट्या घर्षणावर राहत नाही.

तात्यांपुढे धरणाचं कौतुक करायची सोय नव्हती. त्यांच्या वडिलांची जमीन त्या पाण्याखाली आहे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, इथे सत्याग्रह सुरू झाला; पुढे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढारी झाले, मावळे तुरुंगात गेले. पन्नासच्या आसपास गावं अखेर बुडालीच. 1927 पासून ते पाणी सह्याद्री ओलांडून भिऱ्याला कोसळतं आणि तिथली वीज मुंबईकडे जाते. सत्याग्रह म्हणजेही स्थितिक घर्षण, असं लिहायचा मोह होतो. मी तो टाळतो. घर्षणाला तुरुंगात टाकता येत नाही आणि त्याची जमीन जात नाही. पदार्थविज्ञानाचा हिशेब तर आणखी कोरडा: जे हलत नाही तिथे कार्य शून्य. धरण जवळजवळ शंभर वर्षं पाणी अडवून आहे आणि पायथ्याच्या घर्षणाच्या खात्यावर त्यापोटी काही जमा नाही. मुंबईच्या खात्यावर मुळशीच्या नावाने काय जमा आहे, हा प्रश्न मी घर्षणावर ढकलणार नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की तात्या मला खाली नेत. गाळातून जुन्या ताली डोकं काढायच्या, काही अजून सरळ उभ्या. पाण्यात दगडाचं वजन तिसऱ्या हिश्श्याने तरी घटतं, मग या टिकल्या कशा? कारण पाणी दोन्ही बाजूंनी सारखंच होतं, ढकलणारं कुणी नव्हतं. शिवाय सांधे मोकळे होते, म्हणून पाणी उतरताना मागे कोंडून राहिलं नाही. तात्या त्यावर बोलायचे नाहीत. कोणती ताल कुणाची, तेवढं सांगायचे.

पहिल्या पगारातून थकलेलं भाडं द्यायला गेलो. तात्यांनी नोटा मोजल्या, बोटांवर महिने मोजले आणि वरचे पैसे परत केले. तांदळाचं काय, म्हणालो. "तांदूळ इकला नव्हता," ते म्हणाले आणि म्हशीकडे गेले.

30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं. उतारावर माती थांबते ती कणाकणांतल्या घर्षणावर, आणि पावसाचं पाणी कणांमध्ये कोंडलं की कण एकमेकांना दाबेनासे होतात. भार तोच, उतार तोच, फक्त दाब गेला. त्यानंतर घाटातल्या भिंतींच्या कामावर मी जरा जास्तच कटकट्या झालो. भिंतीतली पाझराची भोकं प्लास्टिकने, मातीने बुजलेली दिसली की काम थांबवतो. मागच्या मे महिन्यात एका मुकादमाने वैतागून विचारलं, एवढी भोकं हवीत हे सांगितलंय तरी कुणी. पहार त्याच्या हातातून घेत मी म्हणालो, तात्यांनी.

त्याने टोपी मागे सारली. "हे कुठल्या डिव्हिजनला होते, साहेब?"