तळघरातली चार रोपं

टोरांटोला फेब्रुवारीत जाऊ नये, हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं. पण प्रोजेक्ट मॅनेजरला कोण सांगणार? दीड महिन्याचं ऑनसाइट, बाहेर उणे १५ आणि मुक्काम मावसभावाच्या घरी, तळघरात. तिकडे त्याला बेसमेंट म्हणतात. परदेशातलं पहिलं घर म्हणून कित्येक देशी पोरांच्या नशिबी तेच येतं.

पहिल्या रात्री पाठ टेकली आणि कोपऱ्यातून आवाज सुरू झाला. बुडबुड... बुडबुड... एकसारखा. वाटलं, मासे पाळलेत. दादानं कोपऱ्यातल्या काळ्या तंबूची चेन ओढली आणि माझे डोळेच दिपले. आत लख्ख दिवा, चार बादल्या, चार झाडं. पान ओळखायला वेळ लागला नाही. टी-शर्टवर आपण सगळ्यांनीच ते पाहिलेलं असतं!

"घाबरू नकोस, लीगल आहे," दादा म्हणाला. "फक्त आईसमोर बोलू नकोस. तिला सांगितलंय, खाली टोमॅटो आहेत."

मावशी नातवाला सांभाळायला सहा महिन्यांसाठी बार्शीहून आली होती.

लीगल आहे हे खरंच. कॅनडानं १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर केला. ऑन्टारिओत १९ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला घरी रोपं लावता येतात, पण चारच. तीही माणशी नव्हे, घरटी. बी परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यायचं. घर भाड्याचं असेल तर मालक करारातच बंदी घालू शकतो. शेजारच्या क्वेबेकमध्ये तर घरी एकही रोप चालत नाही, आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी उचलून धरली. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. ते डोक्यात इतकं पक्कं बसलेलं, की पहिले तीन दिवस मी तंबूकडे पाठ करूनच झोपलो.

मग कुतूहल जिंकलं. गांजात मला रस नव्हता, पण त्या बादल्यांत होता. त्यांत माती नावालाही नव्हती! झाकणाला भोक, भोकात जाळीची कुंडी, कुंडीत मातीच्या भाजलेल्या गोळ्या. मुळं खाली पाण्यात लोंबतात. पाण्यात मोजून घातलेलं खत आणि तळाशी मत्स्यटाकीत असतो तसा हवेचा दगड. बुडबुड त्याचीच. दादा डेटाबेसवाला, त्यामुळे रोजचे आकडे एक्सेल शीटमध्ये. पाण्याचा पीएच साडेपाच ते साडेसहाच्या आत हवा, नाहीतर खत असूनही झाड उपाशी राहतं. पाणी २० अंशांच्या आसपास हवं, कारण ते तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. फुलावर यायला या झाडाला रोज बारा तास सलग अंधार लागतो. मध्येच दिवा लागला तर बाईसाहेबांचा मूड जातो.

हे सगळं गांजावाल्यांनी शोधलं असं वाटत असेल तर तसं नाही. १९३० च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या विल्यम गेरिक यांनी पाण्यावर टोमॅटो वाढवले आणि हायड्रोपोनिक्स हा शब्द रूढ केला. आपल्याकडेही जुनी गोष्ट आहे. १९४० च्या दशकात दार्जिलिंगजवळच्या कालिम्पाँगला शोल्टो डग्लस यांनी प्रयोग केले आणि 'बंगाल पद्धत' बसवली. म्हणजे दादाचं 'टोमॅटो' हे खोटं निदान इतिहासाला धरून होतं.

एका शनिवारी मी अ‍ॅलन गार्डन्सला गेलो. प्रवेश फुकट, आणि तिथला काचेचा घुमट १९१० सालचा. बाहेर बर्फात बूट रुततात आणि आत निवडुंग, ऑर्किड. चष्म्यावर वाफ धरली तेव्हा एकदम कोकणात उतरल्यासारखं वाटलं. तिथल्या बाकावर बसलेले म्हातारे बघून कळलं, या शहरात हिवाळ्यात माणसं हिरवं बघायला तडफडतात. दादाला तंबूसमोर स्टूल टाकून बसताना रोज बघायचो. ओढायचा क्वचितच. बसायचा मात्र तासन्‌तास.

आता माझा पराक्रम. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारी रात्री नऊला पुण्याशी कॉल होता, तिकडे सकाळचे साडेसात. लॅपटॉपची बॅटरी गेली. भिंतीवर एकच एक्स्टेन्शन बोर्ड. मी एक प्लग काढला, चार्जर लावला, कॉल संपवला आणि शुक्रवारी पहाटे ऑफिसच्या गँगबरोबर नायगाराला पळालो. दादा कामासाठी मॉन्ट्रियलला. दिवा टायमरवर, दुसऱ्या बोर्डावर, तो व्यवस्थित लागत होता. बुडबुड तेवढी बंद.

रविवारी संध्याकाळी परतलो तर तंबू उघडा आणि स्टुलावर मावशी. धुतलेले कपडे वाळत घालायला ती खाली आली होती.

"टोमॅटो का रे हे?"

मी गप्प. तिनं एका बादलीचं झाकण उचललं. मुळं तपकिरी, बुळबुळीत. सडक्या भाज्यांचा वास. "मुळांचा श्वास कोंडला," ती म्हणाली. "भाताचं सोड. बाकी कुठलंही मूळ नुसत्या पाण्यात बुडून मरतं." मावशी शेतकऱ्याच्या घरातली. जे एक्सेल शीटला कळलं नसतं ते तिला वासानं कळलं.

आणि दुसराही वास तिनं ओळखला होता. थोरल्या मामांचा. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलंय. पंढरपूरला जातो म्हणून घरातून निघाले ते परतलेच नाहीत, एवढंच आम्हा मुलांना माहीत. चिलमीचं कुणी बोललंच नव्हतं. "आई रात्री त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायची," मावशी म्हणाली. "तोच हा."

रात्री दादा आला. मावशीनं त्याला झाडांबद्दल एक शब्द विचारला नाही. "टोमॅटो का म्हणालास?" एवढंच तीन वेळा विचारलं. त्याच्याकडे उत्तर नव्हतं. कायद्याची तारीख त्यानं सांगून पाहिली, तिनं ऐकूनही घेतली.

दोन झाडं गेली. दोन वाचली. पाणी बदललं, सडकी मुळं कापली, बादल्या ब्लीचनं धुतल्या. मावशी पुन्हा खाली आली नाही आणि कपडे वाळत घालणं माझ्याकडे आलं. पण रोज सकाळी जिन्याच्या वरून तिचा आवाज यायचा, "पंप चालू आहे का रे?"

येताना बॅगेत फक्त जाळीच्या सहा कुंड्या आणल्या. (दुसरं काही आणायचा विचारही करू नका. कॅनडातून गांजा बाहेर नेणं तिथेही गुन्हाच आहे.) आता कोथरूडच्या बाल्कनीत माझी एकच बादली आहे, लेट्यूसची. रोप लावल्यापासून पाचेक आठवड्यांत पानं खुडता येतात. सुरुवात करायची असेल तर यानंच करा, आणि एकाच बादलीनं. पंप मत्स्यटाकीच्या दुकानात मिळतो, पीएचचे थेंबही तिथेच. बादली काळी किंवा रंगवलेली घ्या, उजेड शिरला की शेवाळ धरतं. उन्हाळ्यात दुपारी बर्फाची बाटली पाण्यात सोडतो. रोज खत बदलायचा मोह आवरा. मी पहिलं लेट्यूस त्यातच घालवलं.

पंप इन्व्हर्टरवर घेतलाय. प्लगवर कागद चिकटवलाय, 'काढू नये'. चार्जरसाठी वेगळा बोर्ड आहे. मावशी बार्शीला परतली, पण दर रविवारी फोन येतो. लेट्यूस म्हणजे काय, ते तिला व्हिडिओ कॉलवर दाखवावं लागलं. तिनं बादलीचं झाकण उघडायला लावलं आणि मुळं बघितल्यावरच फोन ठेवला.