शेवटची गोळी कधी घेतली?

• 2023 साली मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं. पण हृदयाच्या दुखण्याला इकडचा माणूस अजून नागपूरच गाठतो. स्टेंट तिकडे बसतो, फाइल तिकडेच राहते, गोळ्या मात्र गावातल्या मेडिकलमधून वर्षानुवर्षं चालू असतात. पुढे कधी आजोबा अंगणात पडतात, खुब्याचं हाड मोडतं आणि कमरेत भुलीचं इंजेक्शन द्यायची वेळ येते. तेव्हा भूलतज्ज्ञाला दोन गोष्टी हव्या असतात : रक्त पातळ करायची गोळी कोणती, आणि शेवटची कधी घेतली.

• मणक्यातली जागा हाडांनी बंदिस्त. सुईने बारीक शिरेतून रक्त आलं तर एरवी ते गोठून थांबतं. गोळीमुळे थांबलं नाही तर आत साचतं आणि मज्जातंतू दाबले जातात. असं क्वचित होतं, पण झालं तर पाय कायमचे जाऊ शकतात.

• "हार्टची एक गोळी चालू आहे." पट्टी बघितली, इकोस्प्रिन गोल्ड. त्या एका कॅप्सूलमध्ये ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं औषध. एकट्या ॲस्पिरिनने कमरेतलं इंजेक्शन सहसा अडत नाही. क्लोपिडोग्रेलसाठी मात्र 5 ते 7 दिवस जाऊ द्यावे लागतात.

• बाकीची साधारण अंतरं : वॉरफरिन 5 दिवस, आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) उतरल्याची खात्री. ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन पूर्ण मात्रेत असेल तर 3 दिवस. किडनी अशक्त असेल तर आणखी. पोटावर घ्यायचं एनॉक्सापॅरिन कमी मात्रेत 12 तास, पूर्ण मात्रेत 24. भुलीसाठी पाठीत ठेवलेली एपिड्युरलची नळी काढतानाही वेळ अशीच बघावी लागते.

• पण म्हणून घरीच गोळी बंद करायची नाही. नवा स्टेंट गोळीविना बंद पडू शकतो, आणि ते जीवावर बेततं. थांबवायची की नाही, हे हृदयाच्या आणि भुलीच्या डॉक्टरांनी मिळून ठरवायचं. थांबायला वेळ नसेल तर पूर्ण भूल देता येते.

• पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीचा खेळ. दगडाने हात मोडला तर काखेतून ब्लॉक देऊन नुसता हात बधिर करता येतो. तिथे रक्त आलंच तर बाहेरून दाबून धरता येतं. पण डोक्याला दगड लागला आणि अशी गोळी चालू असेल, तर माणूस चांगला बोलत असला तरी सीटी स्कॅन करून घ्यावा.

• ऑपरेशननंतर पाठीत जोराची कळ आली, पायांची बधिरता वेळेत उतरली नाही किंवा उतरून पुन्हा चढली, लघवी अडली, तर सकाळची वाट बघू नका. त्रास सुरू झाल्यापासून 8 तासांच्या आत दाब मोकळा केला तर पाय सावरायची आशा जास्त असते. नागपूरचा प्रवासही त्याच 8 तासांत धरायचा.

• घरोघरी एवढं करा : रुग्णाच्या आधार कार्डासोबत चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि नागपूरची चिठ्ठी ठेवा. दवाखान्यात कुणी विचारण्याआधी हे सगळं पुढे करा.