थापाड्या गावातला अननस

एक सोप्पा प्रश्न. सांता बार्बरा शहराचा समुद्रकिनारा कुठे आहे? 'कॅलिफोर्नियात' असं उत्तर देत असाल, तर तुम्ही 'साइक' बघितलेली नाही! आम्हा फॅन मंडळींसाठी तो किनारा चक्क कॅनडात आहे. व्हँकूवरपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, अमेरिकेच्या सीमेला खेटून. गावाचं नाव व्हाइट रॉक. आणि फेब्रुवारीत तिथे अशी काही थंडी असते, की हातातला अननससुद्धा बर्फाच्या गोळ्यासारखा लागतो.

हो, अननस. सांगतो.

'साइक' ही अमेरिकेतल्या यूएसए नेटवर्कवरची विनोदी डिटेक्टिव्ह मालिका. जुलै २००६ मध्ये सुरू झाली, मार्च २०१४ मध्ये संपली. आठ सीझन, आणि मग २०१७, २०२० आणि २०२१ मध्ये एकेक सिनेमा. शॉन स्पेन्सर हा एका पोलिसवाल्याचा टवाळ पोरगा. बापानं लहानपणापासून त्याची नजर घासून तयार केलेली. हॉटेलात खाता खाता डोळे मिटायला लावायचा आणि विचारायचा, इथे टोप्या किती? मोठा झाल्यावर शॉन टीव्हीवरच्या बातम्या बघून पोलिसांना फोनवरून टिप्स द्यायला लागतो. त्या इतक्या अचूक निघतात की पोलिसांचा संशय त्याच्यावरच! आत जायची वेळ येते तेव्हा साहेब थाप ठोकतात, 'मला दिव्यदृष्टी आहे.' झालं. पुढची आठ वर्षं ती एक थाप सांभाळायला रोज नवी थाप.

आणि त्याच्या शेजारी गस. बालमित्र. सरळमार्गी, घाबरट, इस्त्रीचा शर्ट, औषध कंपनीत नोकरी. म्हणजे आपल्या भाषेत एमआर! कंपनीची निळी टोयोटा इको घेऊन हा डॉक्टरांकडे जायचा सोडून शॉनबरोबर प्रेतं बघत फिरतो. शॉन त्याची ओळखसुद्धा कधी धड करून देत नाही. दरवेळी नवीन नाव. एकदा तर 'घी बटरस्नॅप्स'. तुपाचं नाव अमेरिकन मालिकेत ऐकून आम्ही पुण्यात कर्वेनगरच्या फ्लॅटवर गादीवरून खाली पडलो होतो.

'आम्ही' म्हणजे मी आणि माझा रूममेट. तो कराडचा, आणि खराखुरा एमआर. बॅग, टाय, बाइक आणि डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरचं बाकडं, हे त्याचं आयुष्य. कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आमच्याकडे 'साइक' आली आणि रात्री अकराला तो घामेजलेला घरी आला की दोन एपिसोड, मॅगी, झोप. तो गस हे उघड होतं. त्याला ते कधीच मान्य नव्हतं. (हा लेख लिहायला त्यानं परवानगी दिलीय ती एकाच अटीवर, की त्याला गस म्हणायचं नाही. सॉरी, गस.)

२०१९ मध्ये तो कॅनडाला गेला. सुरुवातीला रोज मेसेज, मग आठवड्यानं, मग नुसते वाढदिवसाचे केक. मागच्या हिवाळ्यात माझं ऑफिसचं काम सिएटलला निघालं. सिएटल ते व्हँकूवर म्हणजे बसनं चार तासांचा प्रवास. मी त्याला कळवलं, 'साइकचं गाव बघायला येतोय.' तुला भेटायला येतोय, असं काही आपण मुलगे एकमेकांना लिहीत नाही.

निघायच्या आधी त्याच्या आईचा फोन. काकू म्हणाल्या, "जातोयस तर नीट बघून ये रे. आणि मला खरं सांग." सोबत चिवडा, आणि भडंग वेगळं.

आता खऱ्या सांता बार्बराबद्दल पटकन. तेही मी आधीच्या एका ट्रिपमध्ये बघितलंय. लॉस एंजेलिसपासून दीडशे किलोमीटर, लाल कौलं, पांढऱ्या भिंती. १९२५ च्या भूकंपात गाव कोसळलं आणि नंतर सगळं स्पॅनिश थाटात नव्यानं बांधलं. १९२९ चं कोर्ट तर राजवाडा वाटतं. सुंदर आहे, महाग आहे, आणि फॅनच्या दृष्टीनं ठार रिकामं आहे. इथला एकही कोपरा ओळखीचा वाटत नाही. बॉलिवूडचं 'काश्मीर' स्वित्झर्लंडमध्ये बघून आलेल्या माणसाला गुलमर्गला जसं वाटेल, तसं.

व्हाइट रॉकला मात्र उताराचा रस्ता वळला, समुद्र दिसला, आणि मी बसमध्येच ओरडलो, "अरे, हे तर..." शेजारच्या पंजाबी आजींनी पर्स घट्ट धरली.

तोच लांबलचक लाकडी धक्का, १९१४ चा, समुद्रात जवळजवळ अर्धा किलोमीटर घुसलेला. तीच मरीन ड्राइव्ह! हो, नाव खरंच तेच आहे, फक्त क्वीन्स नेकलेसऐवजी एका ओळीत फिश अँड चिप्सची दुकानं. रस्ता आणि वाळू यांच्या मधून रेल्वेचे रूळ जातात. सिएटल-व्हँकूवर गाडी न थांबता धडधडत जाते आणि मालगाडी आली तर पाच मिनिटं हात चोळत उभं राहायचं. किनाऱ्यावर तो नावाला कारण ठरलेला दगड, ४८६ टनांचा. हिमनदीनं आणून टाकलेला. पांढराशुभ्र दिसतो, पण जवळ गेलात की कळतं, रंग दिलाय! दरवर्षी कुणीतरी त्याच्यावर काहीतरी लिहितं आणि पुन्हा पांढरा हात मारला जातो. म्हणजे गाव पहिल्यापासूनच थापाड्या. मालिकेला बरोब्बर सापडलं.

गंमत बघा. सांता बार्बरा इथून दीड हजार किलोमीटरहून जास्त दक्षिणेला. तिथलं ऊन इथे कुठून आणायचं? म्हणून मालिकेतली मंडळी हाफ शर्टात समुद्राकाठी उभी राहून 'काय मस्त हवा!' असा चेहरा करायची. फॅन लोक आजही पाठीमागची झाडं बघून हसतात. ताडमाडांच्या जागी डोंगराळ सूचिपर्णी. पण ती थाप मला कधी खुपली नाही, कारण मालिकाच मुळी थाप मारणाऱ्यांची. खुद्द हिरोचं नावसुद्धा तसंच! जेम्स रोडे म्हणून ज्याला आपण ओळखत होतो, त्याचं जन्माचं आडनाव रॉड्रिगेझ. सिनेसृष्टीत शिरताना ते गळालं होतं. २०२० मध्ये त्यानं ते परत लावलं.

आणि अननस? पहिल्याच भागात रोडेनं फ्रिजवर ठेवलेला अननस उगाच उचलला आणि रस्त्यात खायला कापून घेऊ का, असं विचारलं. संवाद लिहिलेला नव्हता. तेव्हापासून मालिकेत अननस लपवायचा खेळ सुरू झाला. कधी टेबलावर, कधी पडद्याच्या डिझाइनमध्ये. फॅननं तो हुडकायचा. त्यामुळे आम्हीही सरेच्या एका किराणा दुकानातून एक घेऊन गेलो आणि धक्क्यावर प्रत्येक बाकावर ठेवून फोटो काढत सुटलो. टायमिंग सकाळचं ठेवा, माणसं कमी असतात. व्हँकूवरहून येणार असाल तर कॅनडा लाइननं ब्रिजपोर्ट आणि तिथून ३५१ नंबरची बस. बूट वॉटरप्रूफ.

धक्क्याच्या मध्यावर तो थांबला. म्हणाला, "इथून तुटला होता." डिसेंबर २०१८ च्या वादळात सुटलेल्या बोटी येऊन आदळल्या, मधला तुकडा वाहून गेला आणि टोकाला एक माणूस अडकला. त्याला हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. ऑगस्ट २०१९ मध्ये धक्का परत उघडला. "मी आलो तेच वर्ष. पहिल्यांदा इथे आलो तेव्हा लाकडं नवी दिसत होती. बरं वाटलं, आपल्यासारखंच कुणीतरी नव्यानं जोडलेलं."

मग तो म्हणाला, "मी ऑफिसात नाही रे."

मला तोपर्यंत कळलं होतं. मी त्याच्या बेसमेंटमध्ये दोन रात्री राहिलो होतो आणि दोन्ही रात्री तो दहा वाजता 'ऑफिसला' गेला होता. कोल्ड स्टोरेजमध्ये रात्रपाळी. अकरा ते सात. उणे अठरा अंशात खोकी लावायची. पगार बरा, सोबतची पोरं चांगली, त्यात लाजण्यासारखं काय? पण पहिल्या महिन्यात कराडला फोनवर तोंडातून निघून गेलं, की औषध कंपनीत आहे, नऊ ते पाच, टेबल-खुर्ची. वडिलांनी गल्लीत सांगितलं. मग ते तसंच राहिलं. दर मंगळवारी पाळी संपली की इस्त्रीचा शर्ट चढवून तो बसनं इथे येतो आणि समुद्र पाठीशी ठेवून घरी व्हिडिओ कॉल लावतो. ऊन असेल तर कॅमेरा उन्हाकडे. ढग असतील तर चेहऱ्याजवळ.

म्हणजे हा पठ्ठ्याही गेली काही वर्षं व्हाइट रॉकमध्येच शूटिंग करत होता.

मी काहीच बोललो नाही. आम्ही शेवटच्या भागाची आठवण काढली. मालिकेत पोलीसखात्यातला लॅसिटर हा सगळ्यात खडूस. पहिल्या दिवसापासून त्याला शॉनचा संशय. ज्युलिएटला, म्हणजे शॉनच्या मैत्रिणीला, २०१३ च्या सातव्या सीझनमध्ये सत्य कळतं आणि सगळं मोडतं. पण लॅसिटरला शेवटी शॉन स्वतः डीव्हीडीवर कबुली पाठवतो, आणि तो नेमका कबुलीच्या आधी प्लेअर थांबवतो. डिस्क काढतो. दोन तुकडे करतो. ऐकतच नाही! हा सीन आम्ही तीन वेळा मागे नेऊन बघितला होता. लॅसिटर करणाऱ्या टिमथी ओमंडसनला २०१७ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर २०२० च्या सिनेमात लॅसिटरही त्याच आजारातून उठताना दाखवला. त्या एका गोष्टीत त्यांनी थाप मारली नाही. माझ्या मते सगळ्या 'साइक'मधलं हे सगळ्यात भारी.

"आज सांगून टाकतो," तो म्हणाला. साडेआठ वाजले होते, कराडला रात्रीचे दहा. फोन लावला. काकू स्क्रीनवर. मागे स्वयंपाकघर, आणि भिंतीवर शेजारी शेजारी दोन घड्याळं.

"आई, एक बोलायचं होतं..."

"ते बोल नंतर. आधी टोपी घाल. कान लाल झालेत. तिथे गोदामात तरी घालतोस ना?"

तो गप्प. मी गप्प. अननस आमच्या मध्ये.

"मंगळवारी साडेआठला समुद्रावर बसतोस," काकू म्हणाल्या, "नऊचं ऑफिस असलेला माणूस बसेल का असा? दुसरं घड्याळ मी काय शोभेला लावलंय? आणि डोळे बघितलेत आरशात? तुझे आजोबा साखर कारखान्यात रात्रपाळीला होते, मला ते डोळे माहितीयत. बाबांना नको सांगूस एवढ्यात, त्यांना मी सांगेन. हा आलाय ना, चिवडा दिला का त्यानं?"

"दिला, काकू," मी म्हणालो.

फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ मालगाडी बघत बसलो. मग मी त्याला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, धक्क्यावर टोप्या किती?

"एकोणीस," तो म्हणाला. मी मोजल्या. एकोणीसच होत्या. विसावी त्याच्या खिशात होती, फोनवर केस नीट दिसावेत म्हणून काढून ठेवलेली. ती त्यानं कानावर ओढून घेतली.