भिशीचे दहा हजार

नगरमधल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात शिरा, वस्तूच्या किमतीआधी हप्ता सांगतात. ‘मॅडम, महिन्याला फक्त इतके, व्याज शून्य.’ आमच्याकडे सूद देणेही नको आणि घेणेही नको, म्हणून हे शून्य मी जरा बारकाईने पाहिले. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकातच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसतेच. व्याज लागतेच. तेवढीच सूट विक्रेता किंवा कंपनी किमतीत देते, आणि दोन्ही आकडे एकमेकांना खाऊन शून्य दिसते. वर प्रोसेसिंग फी, शिवाय व्याजाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी. थोडक्यात, सूट देण्याइतकी जागा किमतीत असते. रोखीने घेणाऱ्याने ती मागावी. मी मागते, निम्म्या वेळा मिळते. दुकानदार उत्तर मात्र माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बघून देतो, ते वेगळे.

तर हप्ता नको, म्हणजे भिशी. आम्ही दहा जणी, महिन्याला हजार. यंदा माझा नंबर लागला आणि त्या दहा हजारांवर घरात लगेच तीन दावे आले. धाकटी अकरावी सायन्सला. तिला सीईटी संगणकावरच द्यायची आहे आणि घरचा संगणक सुरू होईपर्यंत चहा उकळून कपात येई. दुसरा दावा माझा, शाळेच्या प्रश्नपत्रिकांचा. तिसरा सासूबाईंचा, ज्यांना आम्ही सगळे अम्मीच म्हणतो. काचबिंदूने त्यांची नजर गेली. आता त्यांचा दिवस कानांवर जातो, आणि आमच्याकडे होता एक खरखरणारा मोबाइल.

अब्बाजींच्या आवाजातल्या बावीस कॅसेट कपाटात होत्या. तिलावत, घरातले मिलाद, नातवंडांना सांगितलेल्या गोष्टी. काहींवर पांढरी बुरशी दिसू लागली होती.

आधी संगणक. तो दहा वर्षांपूर्वीचा, इंटेलच्या चौथ्या पिढीचा आय-थ्री, चार जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दुकानातला पोरगा म्हणाला, “मॅडम, पुराने में क्यों पैसे डालते, नया ले लो.” त्याचा सल्ला धंद्याला धरून होता. पण संगणक मंद का चालतो हे आधी पाहावे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक काटा जागा शोधत हिंडतो. प्रत्येक शोधाला दहा-बारा मिलिसेकंद जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नाही, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्याही अंशात होते. विंडोज सुरू होताना असे हजारो शोध लागतात. म्हणून जुन्या यंत्राला नवा जीव द्यायचा तर पहिला पैसा एसएसडीत घालावा. साधी साटा जोडणीची २५६ जीबीची मला १,८०० ला पडली. दुसरा पैसा रॅममध्ये. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची मागणी एवढी वाढवली की नव्या रॅमचे भाव कडाडले आहेत. आमच्या यंत्राला लागते जुनी डीडीआर-थ्री. ती वापरलेली चार जीबी ५०० रुपयांत मिळाली. डीडीआर-थ्रीच्या खाचेत डीडीआर-फोर बसत नाही, तेव्हा जुनी पट्टी काढून सोबत न्या.

जुने घ्यायचेच ठरवले, तर कार्यालयांतून निघालेले डेस्कटॉप बरे असतात. पण ‘आय-फाइव्ह’ एवढेच वाचून भुलू नका. पुढचा आकडा वाचा: ८५०० असेल तर आठवी पिढी, ३४७० असेल तर तिसरी. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्ट इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच मान्य करते. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून असे बरेच डबे स्वस्तात बाजारात येत आहेत. स्वस्त का आहेत, हे विचारूनच हात घालावा. त्यातल्या लहान डब्यांचा पॉवर सप्लायही वेगळ्या आकाराचा असतो. तो गेला की जोड मिळवताना दमछाक होते.

आमचे यंत्र विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. म्हणून एसएसडीवर लिनक्स मिंट घातले, फुकट. लेकीचे सराव परीक्षेचे पान ब्राउझरमध्ये उघडते, तिला एवढेच हवे होते. शेजारी जुने विंडोज ठेवले, पण त्याला इंटरनेट जोडायचे नाही. ते ठेवण्याचे कारण इनपेज. उर्दू शिक्षकांना हे दुखणे माहीत आहे: वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका इनपेजमध्ये अडकलेल्या. नव्या मी युनिकोडमध्येच करते, नोटो नस्तालीक उर्दू हा मोफत फॉन्ट वापरून. नस्तालीक हे संगणकाला जड काम. अक्षरे ओळीवर सरळ बसत नाहीत, तिरपी उतरत एकमेकांच्या कुशीत शिरतात आणि प्रत्येक जोडणीचा आकार वेगळा. त्याच पानावर मराठी डावीकडून आणि उर्दू उजवीकडून आली की चार जीबीत कर्सर अक्षरशः धापा टाकायचा. आठ जीबीत चालतो. यूपीएसची बॅटरी बदलायला ९०० गेले. आमच्याकडे वीज जाते तशी परतही झटक्याने येते, त्यामुळे तो खर्च मी चैनीत धरत नाही.

आवाजाच्या बाजारात याहून जास्त थापा. खोक्यावर ‘५,००० वॅट पीएमपीओ’ छापलेले असेल तर तो आकडा सरळ विसरा, त्याला कुठलेच ठरलेले माप नाही. आरएमएस वॅट किती ते विचारा. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो; कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत माणसाचे बोलणे ऐकायला दोन-पाच वॅटही पुरतात. मग पैसा वॅटवर कशाला घालवायचा? आणि बोलणेच ऐकायचे असेल तर सबवूफरही नको, त्याच्या घुमण्यात शब्द बुडतात.

लाऊडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे जुना भारतीय बनावटीचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर मिळाले, ३,२०० रुपयांत. स्पीकर घेताना जाळी काढून कोनची कड बोटाने दाबून पाहावी. फोमची असेल तर काही वर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची टिकते. अ‍ॅम्प्लिफायरचे बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती आत साचलेली धूळ असते. स्पीकर कोपऱ्यात कोंबले नाहीत. अम्मी पलंगावर टेकून बसतात तेव्हा त्यांच्या कानाच्या उंचीला येतील असे ठेवले. त्यासाठी दोन स्टुले लागली, ती घरात होती.

आमच्याच भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ मौलाना आझाद कैदेत होते. तिथे लिहिलेल्या ‘ग़ुबार-ए-ख़ातिर’मधल्या पत्रांत एक लांबलचक पत्र निव्वळ संगीतावर आहे. तरुणपणी ते सतार शिकले होते. ‘घरात बाजा कशाला’ असे मला सुनावून गेलेल्या एका नातलगांना मी हे सांगितले. ते बघू म्हणाले.

राहिल्या कॅसेट. जुन्या डेकचा पट्टा ८० रुपयांत बदलला, हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसले. बुरशीच्या कॅसेट आधी वेगळ्या काढल्या, नाहीतर एकीची घाण हेडवाटे दुसरीला लागते. डेकच्या मागच्या लाइन-आउटमधून वायर संगणकाच्या निळ्या छिद्रात. गुलाबी माइकचे, तिथे लावली तर आवाज फाटतो. सुरुवातीला गुणगुण येत होती, दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घेतल्यावर गेली. ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर रेकॉर्ड करते. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला सुमारे १० एमबी घेतो, म्हणजे साठ मिनिटांची कॅसेट ६०० एमबी. यासाठी ती जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क कामाला आली, दुसरी प्रत पेनड्राइव्हवर.

अकरा कॅसेट झाल्या. सातवीत अब्बाजी मध्येच थांबून कुणाला तरी पाणी मागतात आणि लांबून अम्मींचा तरुण आवाज येतो, ‘आयी, आयी’. अम्मींनी ते तीनदा लावायला सांगितले, मग म्हणाल्या, आता पुढचे. बुरशीच्या चार मी अजून हातात घेतलेल्या नाहीत. भिशीतले साडेतीन हजार बाकी आहेत. लेकीला हेडफोन हवा आहे, आणि त्या चारांसाठी मी पुण्यात चौकशी करते आहे.