आमची मानिनी

मनुष्याच्या घरात काही वस्तू उपयोगासाठी असतात आणि काही शोभेसाठी असतात. पण एखादी वस्तू अशीही असते की तिचा उपयोग सांगता येत नाही आणि शोभाही सिद्ध करता येत नाही. तरी ती घराबाहेर काढण्याची गोष्ट निघाली की घरधन्याचा चेहरा उतरतो. कोणाकडे न वाजणारी सतार असते, कोणाकडे न चालणारे लंबकाचे घड्याळ असते. आमच्याकडे दोन माणसांची, उघडझाप होणाऱ्या कापडी टपाची, शर्यतीच्या घाटणीची एक विलायती मोटार आहे. ती चालते. मात्र केव्हा चालावे आणि कोठवर चालावे, हे तिचे ती ठरविते.

ही मोटार आम्ही विकत घेतलेली नाही. ती आम्हांस मामांकडून वारशाने मिळाली. परदेशी मोटारी आणण्यावर कडक निर्बंध होते त्या काळात, मायदेशी परतणाऱ्या एका परक्या गृहस्थाकडून मामांनी ती मुंबईत घेतली. पुढे ती त्यांच्याबरोबर मराठवाड्यात आली आणि इथलीच झाली. ती बनविणाऱ्या कारखान्याचे नाव आम्ही मुद्दामच सांगत नाही. तो कारखाना केव्हाच बंद पडला, आणि जो गेला त्याच्याविषयी वाईट बोलू नये अशी आपल्याकडे रीत आहे.

आमचे गाव मोटारींना अनोळखी असते तर अशा वाहनाचा रुबाब तरी मिरविता आला असता. पण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद, हे मोटारींच्या बाबतीत पुरते जाणते शहर आहे. वाळूजला १९८५ साली बजाजचा कारखाना आला. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. ऑक्टोबर २०१० मध्ये तर येथील लोकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज मोटारी घेतल्या. त्यांची किंमत सुमारे ६५ कोटी रुपये होती आणि ती बातमी देशभर गाजली. अशा गावात जालना रस्त्यावरच्या सिग्नलपाशी आमची गाडी अचानक थंड पडते, तेव्हा मागच्या चकचकीत मोटारीतील सज्जन भोंगा वाजवीत नाहीत. ते काच खाली करून सहानुभूतीने पाहतात. भोंगा आम्ही सहन केला असता. पण सहानुभूतीला उत्तर नसते.

तिच्या लहरीची कारणे शास्त्रीय आहेत, असे जाणकार सांगतात. तिच्या इंजिनाला दोन कार्बोरेटर आहेत. दोघांनी सारखीच हवा ओढली तर इंजिन सुरेल चालते. एकाने अधिक ओढली की दुसरा रुसतो आणि एकत्र कुटुंबातील दोन जावांप्रमाणे सगळे घर हादरू लागते. तिच्या विजेची मांडणीही जगाच्या उलट आहे. आजच्या मोटारीत बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडतात. आमच्या गाडीच्या काळात इंग्रज कारखानदार धन टोक जोडीत. एखाद्या नव्या कारागिराने सवयीने तारा लावल्या की धूर निघालाच. तिचे नटबोल्टसुद्धा मिलिमीटर जाणत नाहीत. काही इंचाच्या मापाचे, तर काही व्हिटवर्थ नावाच्या त्याहून जुन्या इंग्रजी मापाचे. बाजारातला पाना तिच्या नटावर एक तर बसत नाही, नाही तर बसून घसरतो आणि नटाचे कोपरे खातो.

उन्हाळ्यात याहून निराळा प्रकार. वैशाखात आमच्या गावचा पारा चाळिशी ओलांडतो, आणि इंजिनाजवळून जाणाऱ्या नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. गाडी दोन आचके देते आणि थांबते. यावर उपाय एकच: पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवून सावलीत स्वस्थ बसणे. तापलेल्या माणसाच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तशा आम्ही तिच्या कपाळावर ठेवीत असतो. संस्कृत साहित्यशास्त्रात नायिकांचे जे प्रकार वर्णिले आहेत, त्यांतील मानिनीचे वर्णन वाचताना आम्हांस नेहमी हीच आठवते. मानिनीचा राग अकारण नसतो. कारण आहे, पण ते ओळखण्याची जबाबदारी नायकावर असते.

मग हा खटाटोप कशासाठी? असा प्रश्न आमच्या सौभाग्यवतींनी आजवर अनेकदा विचारला आहे. त्याचे उत्तर घरात बसून देता येत नाही. त्यासाठी दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी पहाटे, गारवा असताना, टप मागे सारून वेरुळाच्या वाटेला लागावे लागते. तिची बैठक इतकी खाली आहे की हात सोडला तर बोटे रस्त्याला लागतील असे वाटते. त्यामुळे ताशी पन्नास किलोमीटरचा वेगही शंभराचा भासतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे; पण तेथून धावणाऱ्या बंद मोटारीतील प्रवाशाला वेग आकड्यात वाचावा लागतो. आम्हांला तो कानशिलांवर कळतो. छावणी मागे पडते, दौलताबादचा किल्ला धुक्यातून वर येतो. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे हलविली, त्या लहरीपुढे आमच्या गाडीच्या लहरी फारच माफक वाटतात. रस्त्याच्या कडेला सीताफळांच्या पाट्या मांडलेल्या असतात. बंद काचेतून त्या नुसत्या दिसतात, आमच्या गाडीत त्यांचा वासही येतो. पुढे खुलताबादच्या घाटाला लागताना गिअर उतरवावा, आणि दोन्ही कार्बोरेटर एका सुरात गाऊ लागावेत! त्या वळणांवर ती चाक वळविण्याआधीच वळते की काय असे वाटते. रस्त्यातला खडा, चढाचा ताण, टायरची पकड, सगळे हातातल्या चाकावाटे मनगटात येते. त्या पंधरा मिनिटांत मागचे तीन महिने माफ होतात. दुभत्या गाईच्या लाथा गोड, असे म्हणतात. आमची गाय दूध फार थोडे देते, पण जे देते ते निर्भेळ.

या सुखाचे खरे धनी मात्र आम्ही नव्हे. ते आहेत आमचे मिस्त्री चाचा. जुन्या शहरातल्या एका दरवाजाजवळ, टिनाच्या पत्र्याखाली त्यांचे दुकान आहे. लहानपणी उस्तादाच्या हाताखाली ते जुन्या इंग्रजी मोटारींवर शिकले. त्यांच्याजवळ व्हिटवर्थच्या मापाचे पाने आहेत, आणि एक हातभर लांबीची रबरी नळी आहे. नळीचे एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी आणि दुसरे स्वतःच्या कानाशी धरून ते हवेचा फूत्कार ऐकतात; मग दुसऱ्या कार्बोरेटरचा ऐकतात आणि स्क्रू केसभर फिरवितात. दोन्ही आवाज एक झाले की नळी खाली ठेवतात. हे काम करणारी यंत्रे आता मिळतात, असे आम्ही एकदा त्यांना सांगितले. ते म्हणाले, "साब, मशीन आवाज नापती, सुनती नै." गाडी बंद पडल्याचा निरोप गेला की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते: "बिगडी नै साब, रूठी है." साहित्यशास्त्र न वाचताही ते आमच्याच निष्कर्षाला पोहोचले आहेत.

अलीकडे या संसारात दोन नव्या काळज्या शिरल्या. पहिली पेट्रोलची. पेट्रोलात इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत जाऊन २०२५ साली ते २० टक्क्यांवर आले. यातील काही इथेनॉल उसापासून होते, आणि ऊस मराठवाड्याचा; तेव्हा तक्रार करणे कृतघ्नपणाचे ठरेल. पण इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, जुन्या धाटणीचे रबर फुगविते, आणि टाकीच्या तळाशी साचलेला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवून फिल्टरमध्ये आणून बसविते. चाचांनी सर्व नळ्या बदलल्या, टाकी धुतली, आणि गाडी फार दिवस उभी ठेवू नये असे बजावले.

दुसरी काळजी कायद्याची. पन्नास वर्षांवरील मोटारींसाठी केंद्र सरकारने २०२१ साली निराळे नियम केले. अशा गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे येतात, आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. मात्र मग ती नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा राहते. दुरुस्तीचा उल्लेख पाहून नियम करणाऱ्यांविषयी आमचा आदर वाढला. परंतु खुलताबादच्या घाटात रविवारी पहाटे उगाच जाणे कोणत्याच कलमात बसत नव्हते. साधी नोंदणी ठेवावी तर वीस वर्षांवरील गाड्यांच्या नूतनीकरणाची फी २०२५ मध्ये पुष्कळ वाढली. थोडक्यात, मान घेऊन घरात बसा किंवा दाम मोजून हिंडा, असा हा पेच होता.

नेमक्या याच सुमारास पुण्याकडील एक हॉटेलवाले गृहस्थ गाडी पाहावयास आले. त्यांस ती आपल्या दर्शनी दालनात ठेवावयाची होती. त्यांनी सांगितलेली रक्कम ऐकून सौभाग्यवतींनी चहाबरोबर दुसऱ्यांदा चिवडा आणला. त्या रकमेत आमच्या कन्येच्या पुढील शिक्षणाचा निम्मा भार उचलला गेला असता, आणि नोकरदार माणसाने अशा गोष्टीकडे पाठ फिरवावी असा आमचा उपदेश मुळीच नाही. गृहस्थ सुस्वभावी होते. जाता जाता ते एवढेच म्हणाले, "इंजिन आम्ही काढून ठेवू. संगमरवरावर तेल गळायला नको."

हा मजकूर आम्ही चाचांस सांगितला, तो ते रागावतील या अपेक्षेने. ते रागावले नाहीत. हात पुसून ते गाडीकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "दे डालो साब. मेरेकू अब बारीक नै दिखता. मेरे बाद कौन सुनेगा इसकू? वहाँ धूप नै, बारिश नै." त्यांचा मुलगा एका कारखान्यात आहे, तेथे मोटारीचा दोष संगणकाच्या पडद्यावर क्रमांकाने उमटतो. तो बापाचे दुकान चालविणार नाही, आणि त्याने चालवावे असे चाचांनाही वाटत नाही. आम्ही आजवर गाडीच्या आयुष्याचा विचार करीत होतो. ते आयुष्य एका म्हाताऱ्या माणसाच्या कानांवर तोललेले आहे, हे त्या दिवशी प्रथमच कोणीतरी मोठ्याने बोलले.

कन्या आमच्याबरोबर आली होती. ती अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, आणि गाडीविषयीची तिची आस्था आजवर छायाचित्रापुरतीच होती. तिने चाचांना विचारले, "चाचा, नळी मी धरून पाहू?" चाचांनी नळी तिच्या हातात दिली. पहिल्या दिवशी तिला दोन्ही आवाज सारखेच वाटले. चाचा हसले आणि म्हणाले, "सबकू पैले ऐसाच लगता, बेटी." चौथ्या रविवारी एकात किंचित घोगरेपणा आहे असे ती म्हणाली, आणि चाचांनी मान डोलावली. आता दर रविवारी ती वही घेऊन जाते. कोणत्या नटाला कोणता पाना, कोणती तार कोठून कोठे, थंडीत चोक किती, हे चाचा सांगतात आणि ती लिहून घेते. पण वहीत न मावणारे पुष्कळ आहे, हे दोघांनाही कळते.

हॉटेलवाल्या गृहस्थांना आम्ही नकार कळविला आणि नूतनीकरणाची फी भरली. शिक्षणाचा खर्च कसा जमवावा याचे गणित आम्ही व सौभाग्यवती मिळून अजून मांडीत आहोत, आणि त्या गणितात गाडीचा उल्लेख त्या मोठ्या संयमाने टाळतात. हा निर्णय शहाणपणाचा होता असा आमचा दावा नाही. पण एक गोष्ट आम्हांस पटली आहे. किल्ली फिरविताच रोज निमूटपणे सुरू होणाऱ्या मोटारीशी मनुष्याची ओळख होत नाही. तिच्या पोटात काय आहे हे पाहण्याचा प्रसंगच येत नाही. अडणाऱ्या, रुसणाऱ्या वस्तूला समजून घ्यावे लागते, आणि एकट्याला ते साधत नाही म्हणून दुसऱ्याच्या दारी जावे लागते. आमची गाडी वेळेवर सुरू झाली असती तर दरवाजाजवळचे ते टिनाचे दुकान आम्हांला ठाऊक झाले नसते, आणि एका वृद्ध कारागिराचे कान एका मुलीपर्यंत पोहोचले नसते.

बिडकीनला आता विजेच्या मोटारी बनविण्याचे बेत आहेत. त्यांना कार्बोरेटर नसेल, फूत्कार नसेल, बहुधा लहरही नसेल. त्या येवोत, हवा स्वच्छ होईल आणि सौभाग्यवतींना वेळेवर लग्नास पोहोचता येईल. तोवर रविवारच्या पहाटे आमच्या वाड्यात दोन आचके, एक खोकला आणि मग एक सुरेल गुणगुण ऐकू आली, तर शेजाऱ्यांनी क्षमा करावी. ती ऐकू आली नाही, तर ओले फडके घेऊन यावे.